सगुणचा जर्मनचा टोप

चोपड्याच्या धक्क्यावर नवी होडी आली की सगुण चोपडेकर तिच्याजवळ जाई आणि बोटाच्या पेराने तिला ठोकून बघे. नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या इंजिनाच्या फळीपर्यंत, डॉक्टर रोग्याची पाठ ठोकतो तसा. लाकडात सड असली तर तिथे आवाज बसतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. फायबरची होडीही तो ठोकी, पण सवयीने. तिच्यातून आपल्याला काही ऐकू येते यावरचा त्याचा विश्वास उडाला होता.

कारण भावाची, रघुनाथची होडी जिथे फुटली त्या फेरीला निघायच्या आधी, त्याच सकाळी, त्याने ती ठोकली होती. फायबरची, निळी, नुकती रंगवलेली. आवाज चांगला आला होता. पण ती होडी अनेक वर्षे खडकाळ काठावर ओढून ओढून तळाला झिजली होती, आतल्या थरांत पाणी मुरले होते आणि मागच्या फळीपाशी पडलेली चीर पुटी भरून रंगाखाली गेली होती. चापोरा नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. ओहोटी आणि पश्चिमेचा वारा एकाच वेळी आले की त्याच्यावर लाट भिंतीसारखी उभी राहते. दोघे परत येताना होडी त्या लाटेवरून खाली आपटली आणि इंजिनासकट मागची बाजू सुटून गेली. सगुण मासे ठेवायच्या बर्फाच्या पेटीला धरून मोरजीच्या वाळूला लागला. रघुनाथ दुसऱ्या दिवशी सापडला.

त्यानंतर सगुणने दांडा ओलांडला नाही. नदीत गुडघाभर पाण्यात तो तिसरे, म्हणजे शिंपले, काढी, लोकांची जाळी विणून देई. बायको चंद्रावती बाजारात मासे विकायची, ते आता दुसऱ्यांकडून घेऊन विकू लागली. घरातली लाकडी होडी माडाखाली उलटी पडून कुजली. मुलगा गोकुळदास मुळगावच्या खाणीवर ट्रक चालवत होता आणि साखळीला खोली घेऊन राहत होता, हे सगुणला फार बरे वाटे. ट्रक उलटला तरी खाली जमीन असते.

मग खाणी बंद पडल्या. गोकुळदास पिशवी घेऊन घरी आला. काही दिवस पडवीत बसला आणि एका सकाळी चहा पिताना म्हणाला, “बाबा, मी दर्यात जातंय. होडी बघूया.”

सगुणच्या हातातली जाळ्याची सुई थांबली. नको म्हणायला त्याच्याकडे कारण होते, पण दुसरे काम नव्हते.

“बघूया,” तो म्हणाला.

शेजारचा महादेव त्यांना फायबरच्या होड्या बनवतात तिथे घेऊन गेला. महादेवची स्वतःची होडी फायबरचीच, आणि धक्क्यावरच्या बहुतेक होड्याही. साच्यात काचेच्या धाग्यांचे कापड घालून वरून राळ ओतत होते. त्या वासाने सगुणचे डोके दुखू लागले. महादेव एकेक गुण सांगत होता. हलकी आहे, दोघे ओढतात. आवाज करत नाही, मासळी बिथरत नाही. फुटली तर गावातला कोणीही डबा आणून ठिगळ लावतो.

“ठिगळ लावतात आनि वरसून रंग मारतात,” सगुण म्हणाला. “मगे कोणाक दिसता?”

 रघुनाथच्या प्रेताला खांदा द्यायला महादेव होता.

ॲल्युमिनियमच्या होडीची बातमी गोकुळदासने आणली. पलीकडे शिवोलीला आंतोन नावाचा मेस्त, म्हणजे कारागीर, होता. बरीच वर्षे आखातात बोटींच्या वेल्डिंगचे काम करून तो परत आला होता आणि मासेमारीसाठी पत्र्याच्या होड्या बांधू लागला होता. चंद्रावतीने हे ऐकले आणि चुलीकडून बाहेर आली.

“जर्मनची होडी?” ॲल्युमिनियमच्या भांड्यांना तिच्या घरात जर्मनच म्हणत. “अवो, जर्मनच्या टोपात खारे मासे रातभर रवले तर बुडाक भोकां पडतत. आनि तुमी आख्खो टोप मिठाच्या पाण्यात सोडतास?”

हा प्रश्न सगुणने आंतोनला जसाच्या तसा विचारला. आंतोन हसला नाही. तुमची बायको बरोबर बोलते, पण टोपाचा पत्रा वेगळा आणि हा वेगळा, यात दुसरे धातू मिसळलेले असतात, हा समुद्रासाठीच करतात, असे त्याने सांगितले. मग त्याने फायबरचा एक तुकडा दगडावर ठेवून हातोडा मारला. तुकड्यावर पांढरी चांदणी उमटली. पत्र्याच्या तुकड्यावर तसाच घाव घातला. पत्र्याला खळगा पडला.

“हें दबता,” आंतोन म्हणाला. “फुटना.”

सगुणने तो खळगा अंगठ्याने चाचपला. बराच वेळ चाचपत राहिला. होडीचा तळ चपटा नव्हता, मध्ये धार धरून दोन्हीकडे वर गेलेला होता, लाट कापायला. बसायच्या आडव्या फळ्यांखाली फोम भरलेल्या बंद पेट्या होत्या. पाणी भरले तरी बुडायची नाही, असे आंतोन म्हणाला. वाईट तेही त्याने लपवले नाही. उन्हात तापते, पाय भाजतात. लाटेवर ढोलासारखी वाजते, शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही. आणि गावातला कोणीही ठिगळ लावू शकत नाही, मलाच यावे लागेल.

“आनीक एक गजाल, सगुणबाब. तांबें आनी पितूळ ह्या पत्र्याक लावंक ना. पितळेचो खिळो ना, तळाक तांब्याचो रंग ना. खाऱ्या उदकांत तांबें ह्या पत्र्याक खाता.”

सगुणने मान डोलावली. आणि ती गोष्ट त्याने पाळलीही. जुन्या होडीच्या नाळेवरची पितळेची कडी गोकुळदासला लावू दिली नाही. महादेवने तळाला मारायला आपल्याकडचा उरलेला रंग देऊ केला, तेव्हा डबा फिरवून फिरवून, त्यात तांबे आहे का ते दोघांना वाचायला लावून, तो परत केला.

होडी नारळी पुनवेच्या आधी आली. धक्क्यावर तिला लगेच नाव पडले. सगुणचो टोप.

“सगुणा, टोपाक झाकण खंय?” कोणीतरी ओरडले.

“चंद्रावती, माशांक फोडणी घातलंस काय गो?”

सगुणने हसून घेतले. त्याच्या मनात दुसरेच होते. त्याच्या घरात तांब्याचा एक पैसा होता, आजोबांच्या वेळचा, पोर्तुगीज राजवटीतला, वरचा छाप झिजून गुळगुळीत झालेला. घरची कुठलीही होडी पहिल्यांदा पाण्यात जायची तर तो नाळेतल्या पहिल्या फळीखाली ठेवायचा. होडी मोडीत निघाली की पैसा काढून पुढच्या होडीत. रघुनाथच्या होडीत तो नव्हता. फायबरला फळीच नाही, कुठे ठेवू, असे म्हणून रघुनाथने तो परत दिला होता. सगुणने यावर कोणाशी चर्चा केली नव्हती, पण मागची बाजू का सुटली याचे त्याच्यापाशी चीर आणि पुटीच्या पलीकडचे हेही एक उत्तर होते.

पूजेच्या दिवशी सगळे नारळ-साखरेत गुंतले असताना तो वाकला, नाळेकडची पायाखालची फळी उचलली आणि खालच्या खोलगट जागेत, होडीतले पाणी येऊन साठते तिथे, पैसा मेणाने चिकटवला. पितळेची कडी नाकारणाऱ्या माणसाच्या हातून हे झाले. कडी हे पितळ होते. पैसा हे त्याच्या लेखी तांबे नव्हते.

मोसम चांगला गेला. गोकुळदास पहाटे जाई, दुपारी येई. सगुण धक्क्यावर बसून मुखाकडे बघत राही. होडी दिसायच्या आधी ऐकू येई, दांड्यावर आपटलेल्या पत्र्याचा तो दणका. तो ऐकला की सगुण उठून दोर घ्यायला पाण्याच्या काठाशी जाई. इतरांच्या होड्या निमूट येत. त्यामुळे त्या दणक्याबद्दल त्याची तक्रार नव्हती.

उन्हाळा लागला. एका दुपारी आंतोन धक्क्यावर आला. आणखी दोघांनी पत्र्याच्या होड्यांची चौकशी केली होती. सगुणने त्याला चहाला बसवले. होडी कशी आहे, असे आंतोनने विचारले. सगुण म्हणाला, “बरी. टोप म्हणतत, पन बरी.”

मग आंतोन सहज सांगू लागला. एका गिऱ्हाइकाच्या होडीला तळाला भोक पडले होते. वेल्ड तपासले, सगळे ठीक. शेवटी सापडले काय, तर इंजिनाच्या वायरीचा तांब्याचा तुकडा तळाच्या पाण्यात पडून राहिला होता. त्याच्या खालचा पत्रा पिठासारखा झाला होता.

“इल्लो कुडको,” आंतोनने करंगळीचे पेर दाखवले. “वायर जांव, नाणें जांव. पांच-स म्हयन्यांनी आरपार बुराक.”

सगुणने कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला.

“किदें जालें?” आंतोनने विचारले.

 सगुण मुखाकडे बघत होता. वारा पश्चिमेचा होता. ओहोटी लागली होती.

त्याने गोकुळदासला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. इंजिन चालू असले की त्या होडीत फोन ऐकू येत नाही, हे त्यानेच धक्क्यावर कौतुकाने सांगितले होते. तिसऱ्यांदा लावताना त्याचे बोट भलत्याच बटणावर पडू लागले. तो उठला आणि महादेवच्या होडीकडे चालू लागला, मग धावू लागला.

“महादेवा, होडी काढ. गोकुळाच्या होडयेक भोक पडलां.”

“कोणी सांगला?”

“मी सांगतंय. काढ.”

महादेवने होडी ढकलली आणि वळून पाहिले. सगुण आत चढून बसला होता. फायबरच्या होडीत.

“तू येतंस?”

“माका भिजवू नको म्हंजे झाला,” सगुण म्हणाला.

मुखापर्यंत तो दोन्ही काठ धरून बसला. दांडा दिसला तेव्हा डोळे मिटून घ्यावेत असे त्याला वाटले, पण मिटले तर रघुनाथ दिसेल म्हणून उघडे ठेवले. पहिल्या लाटेवर होडी चढली. तळहाताखाली फायबर किंचित वाकून पुन्हा सरळ झालेले त्याला जाणवले. त्याने मागे वळून इंजिनाची फळी पाहिली. होती. दुसरी लाट. पुन्हा वळून पाहिले.

“मेल्या, मागे काय बघतंस सारको? फुडे बघ, खंय दिसता काय तो!” महादेव ओरडला.

गोकुळदास मोरजीच्या समोर दिसला. जाळे ओढून झाले होते, इंजिन बंद होते आणि तो डब्याने पाणी उपसत होता. होडीचे नाक जड झाल्यासारखे खाली होते.

“बाबा?” तो उभाच राहिला. “तुमी हय कशे?”

“पाणी खंयसून येता?”

“जाळ्यातला असतला. सकाळपासून जरा जरा येता.”

सगुण एका होडीतून दुसरीत गेला. पत्रा इतका तापला होता की गुडघा टेकताच तो कळवळला. त्याने नाळेकडची फळी उचलली. खाली पाणी गढूळ पांढरे होते. त्यात हात घातला तर बोटांना ओल्या पिठासारखे काहीतरी लागले. मेण कधीच निघून गेले होते. पैसा तिथेच होता, घट्ट बसलेला.

“हात लावू नको,” तो म्हणाला.

पण गोकुळदास त्याच्या खांद्यावरून वाकला होता. “हां काय?” म्हणत त्याने नखाने पैसा उचकटला. खालून पाणी बोटाएवढ्या धारेने वर आले.

सगुणने खांद्यावरचा पंचा चुरगाळून त्या भोकावर दाबला आणि वर टाच ठेवली. धार थांबली. भोवतालचा पत्रा किती पातळ झाला असेल, हे टाचेला कळत नव्हते. जास्त दाबले तर टाच आरपार जाईल आणि कमी दाबले तर पाणी येईल, या दोन भीतींच्या मध्ये तो पाय धरून बसला.

“हो पैसो कोणी ठेवलो?” गोकुळदासने विचारले.

“इंजिन चालू कर.”

“सगुणा, तू हकडे ये,” महादेवने हाक मारली. “तो येतलो होडी घेवन.”

सगुणने महादेवच्या होडीकडे पाहिले. तिला भोक नव्हते. मग दांड्याकडे पाहिले. लाटा आता एकापाठोपाठ येत होत्या.

“टाच कोण लावतलो?” तो म्हणाला.

दांड्यावर होडी चढली आणि पडली. पत्र्याचा दणका धक्क्यावरून ऐकणे वेगळे आणि त्याच्या आत बसणे वेगळे होते. तो दात, मान, पाठ यांतून गेला. सगुणने किंकाळी मारली असावी, पण ती कोणाला ऐकू गेली नाही. टाच सरकली, पाणी उसळले, त्याने दोन्ही हातांनी पाय धरून पुन्हा जागेवर बसवला. दुसऱ्यांदा पडली. बाजूच्या पत्र्याला कुठेतरी खळगा पडल्याचा आवाज आला. तिसऱ्या लाटेने त्यांना नदीत लोटले आणि एकाएकी पाणी सपाट झाले.

धक्क्यावर आंतोन उभा होता. सगुण त्याच्या नजरेला नजर देईना. गोकुळदासने मुठीतला पैसा त्याच्या हातावर ठेवला. आंतोनने तो उलटासुलटा केला.

“हें हांव सांगूंक विसरलों,” तो म्हणाला. तो विसरला नव्हता, हे तिघांनाही माहीत होते.

पुढच्या आठवड्यात त्याने तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडला. सगुणने ठिगळाभोवती सगळीकडे ठोकून पाहिले. पैसा चंद्रावतीने चिंचेने घासून देवघरात ठेवला. “हय खाव दे काय खावचा तां,” ती म्हणाली.

होडी पुन्हा निघाली त्या पहाटे गोकुळदास दोर सोडत होता. सगुण आला, काही न विचारता आत चढला आणि नाळेकडच्या फळीवर बसला.

“बाबा, आता वेल्ड केलां नी?”

“केलां.”

“मगे?”

सगुणने फळी जरा सरकवली, टाच ठिगळावर टेकवली आणि दोन्ही काठ घट्ट धरले.

“चल,” तो म्हणाला.