आक्काच्या हातची मोरणी

आमचे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, त्या वर्षीच्या दसऱ्यानंतर माझे नाक टोचले. गुजरीतल्या, सराफ बाजारातल्या सोनाराने सोन्याची बारीक तार नाकपुडीतून आरपार काढून तिला पीळ दिला आणि आईला बजावले, "रोज तेल-हळद लावा, तार फिरवा. भोक वाळल्याबिगर दुसरं काय घालू नका."

मी रडले नाही. मला नाकात घालायला मोरणी हवी होती. ती थोरल्या बहिणीची, आक्काची होती. वैशाखात लग्न होऊन ती शिरोळला गेली. सासरच्यांनी तिला नवी मोरणी घातली, तेव्हा जुनी तिने फडक्यात बांधून आईकडे ठेवली. "हिचं नाक टोचलं की मी माझ्या हातानं घालीन. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाय."

आई वडिलांबरोबर शिवणकामाला बसे, त्यामुळे मला वाढवले ते आक्काने. तिची शाळा चौथीत सुटली. माझीही तिथेच सुटायची होती, पण लग्नाच्या गडबडीतही ती वडिलांना म्हणाली, "हिला काढू नका. माझ्या वाटणीचं ही शिकंल." घरातली पहिली पदवीधर म्हणून पुढे माझे कौतुक झाले, त्याचे मूळ त्या एका वाक्यात आहे.

ती गेल्यावर वेणी घालायला कुणी नव्हते असे नाही, आई घालायची. पण आई घट्ट ओढायची आणि गप्प असायची.

दिवाळसणाला, पाडव्याच्या सकाळी, आक्का आणि दाजी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी लगेच परत जाणार होते. नाक अजून लाल होते, तारेजवळ लस येत होती. आई म्हणाली, "आत्ता नगं. पिकंल."

"मग मी परत कवा येणार?" आक्का म्हणाली. माझ्या मनातलेच बोलली.

त्याच दुपारी तिने माझे डोके मांडीवर घेतले. कोमट मिठाच्या पाण्याचा बोळा नाकावर धरून तिने खपली भिजवली. किती तरी वेळ ती सासरच्या गमती सांगत होती आणि तिच्या लुगड्याचा नवा वास येत होता. हे संपूच नये असे मला वाटत होते. मग तिने तारेचा पीळ सोडवला. सोडवताना तार तुटली. मोरणीची दांडी जाड होती, काही केल्या आत जाईना. माझ्या डोळ्यांतले पाणी कानात उतरले.

"आक्का, घाल की."

"गप. हालू नको."

रक्ताचा थेंब आला तशी तिने हात आवरला. आता भोक मोकळे राहिले तर बुजणार. ती उठली, कोपऱ्यातल्या केरसुणीची एक काडी मोडून तेलात बुडवली आणि हलकेच नाकात सरकवली. तेवढ्यात आई आत आली. केरसुणीवर आदल्या रात्रीचे हळदकुंकू तसेच होते.

"अगं बया! काल पुजलेली लक्ष्मी मोडलीस व्हय?"

"मोडली कुठं आई, हिच्या नाकात बशिवली."

बाहेरच्या सोप्यातून दाजी ओरडले, "आमच्यात लक्ष्मी देव्हाऱ्यात असती, तुमच्यात नाकात व्हय?"

आईसुद्धा हसली. जाताना आक्का म्हणाली, "संक्रांतीला येते. तवा घालू."

संक्रांतीला ती आली नाही. गुऱ्हाळ लागले होते, घरातून हलता येत नाही असा निरोप आला. भोक तोवर छान वाळले होते. आई म्हणाली, "आण हिकडं नाक, मी घालते."

"आक्काच घालणार."

"आक्का काय शिरोळची राणी हाय व्हय?"

मी दोन्ही हातांनी नाक झाकले. शाळेत मुली मला 'केरसुणी' म्हणू लागल्या. काडी काळी पडली, तरी मी बदलू दिली नाही. शिरोळकडून कुणी आले की मी दारात जाऊन उभी राहायची.

आक्का आषाढात आली, पहिल्या बाळंतपणाला. पाय लांब करून ती भिंतीला टेकून बसली. मी पळत जाऊन फडके आणले आणि सवयीने तिच्या मांडीवर डोके टाकायला वाकले. तिथे जागा नव्हती.

"आता न्हाय जमायचं बाई," ती हसली. "वाक जरा हिकडं."

तिने काडी ओढून काढली, मोरणी घातली, मागची फिरकी आवळली. "झालं. बघ, काय सुदीक दुखलं न्हाय."

खरेच दुखले नाही. तिने पोटावर हात ठेवला. आईने विचारले, "हलतंय व्हय?" ती म्हणाली, "सारखंच," आणि दोघी त्याच गोष्टीत रमल्या. आरसा खुंटीलाच होता, पण मी तिकडे गेले नाही. फिरकी अजून थोडी आवळायची राहिली असेल, म्हणून नाक पुढे करून तिथेच वाकून उभी राहिले.