महागूची वांगी आणि अनुसयाची मोरी

वांगी महागूनं स्वतःच जाळली. खत म्हणून घरभराचं मूत डब्यात साठवून त्यानं ते जसंच्या तसं रोपांच्या बुडाशी ओतलं. पानं कडेनं करपली, आणि ऐन बुद्धपौर्णिमेच्या तोंडावर वाफ्यात नुसत्या काड्या उरल्या. दरसाल विहारातल्या जेवणाला वांगी महागूचीच. बालाघाटच्या त्या वॉर्डात त्याचं तेवढंच एक नाव होतं.

हा उद्योग त्याला भिंतीपलीकडून लागला. शेजारच्या अनुसयानं मोरीचं पाणी नालीत सोडणं बंद केलं होतं. ते गिट्टी-रेतीच्या खड्ड्यातून, कर्दळीच्या मुळांतून निथळून टाक्यात यायचं आणि तिथून झाडांना जायचं. नळ एक दिवसाआड, तरी तिची वांगी तेल लावल्यासारखी चमकत. रोप मागणारे आता महागूला जयभीम घालून तिच्या फाटकाशी थांबत.

"तिच्या मोरीत असं काय वाह्यते?" तो बायकोला, सीताला, विचारायचा.

"तुमच्या पोटात काय जळते, ते पाहा आधी."

मग तो भिंतीवरून डोकावू लागला. अनुसया मुताचा डबा आणताना त्याला दिसली, झाडांना घालताना दिसली. मधे ती वळली की हा चटकन खाली बसायचा. आणि नेमकी तेव्हाच ती डब्यातलं दहापट पाण्यात कालवायची.

काड्या पाहून तीच भिंतीशी आली. "भाऊजी, कोरंच ओतलं का?"

"नाई व. उन्हानं गेली."

"ऊन माह्याकडं येत नाही वाटते." तिनं टोपलीभर वांगी भिंतीवरून दिली. "दहापट पाण्यात पातळ करून घालत जा. आन् हे न्या विहारात. दरसालचं नाव हाय तुमचं."

नाही म्हणावं तर नाव जातं. महागूनं टोपली घेतली.

पंगतीत शेजारी बसलेल्या डोमाजीनं तिसऱ्यांदा भाजी घेतली. "महागूभाऊ, यंदा वांग्याले चवच निराळी."

"हौ," महागू म्हणाला. समोर अनुसया मान खाली घालून जेवत होती, आणि तिचं ते न हसणं त्याला जास्त झोंबलं.

आता त्याच्याही मोरीखाली खड्डा आहे, कर्दळ आहे, बोटभर रोपं आहेत. सीता रोज टोकते, "टोपली देऊन या तिची."

"रिकामी कशी देऊ?"

"बाजारची वांगी टाका."

"ते तिले वळखू येतीन."

टोपली अजून त्याच्याच खुंटीला आहे.