सगळ्यात लहान मापाचं हेल्मेट

माझ्या मुलीच्या डोक्याचं माप मी गेल्या वर्षी इतक्या वेळा घेतलं की टेप दिसला की ती आपणहून मान खाली घालायची. मी नसरापूरला ब्लाउज आणि ड्रेस शिवते. दिवसाला दहा-बारा बायकांची मापं घेणारी बाई मी, आणि पावणेतीन वर्षांच्या एका डोक्यापुढं मी हात टेकले.

सुरुवात झाली घोडीपासून. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, घोड्यांचा भारी नाद. वरव्याला आमच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत आणि त्यांच्या शेजारी एक पांढरी घोडी. लग्नसराईत ती नवरदेवांना मिरवते, सारोळ्यापासून भोरपर्यंत तिला बोलावणं असतं. एरवी मामंजी तिच्यावर बसून शेताला चक्कर मारतात. पोरगी नीट बसायला लागली तशी ते तिलाही पुढ्यात घ्यायला लागले. रोज सकाळी चहा झाला की आजोबा आणि नात निघालेच.

एका सकाळी मी ओट्यावर कपडे वाळत घालत होते आणि ते दोघं बांधावरून येत होते. शेजारच्या टोमॅटोत अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद वाऱ्यानं सुटला आणि फडफडला. डीजेच्या भिंतीपुढं पापणी न हलवणारी आमची घोडी त्या कागदाला बुजली आणि एकदम बाजूला उडाली. पोरगी कलली. मामंजींनी तिला दोन्ही हातांनी धरून वरच्यावर उचललं, लगाम सुटून घोडीच्या मानेवर पडला, मग घोडी चार पावलांवर जाऊन थांबली. पोरगी खदाखदा हसत होती. मामंजीही हसले. माझ्या हातातला पिळा चिखलात पडला होता.

त्याच दिवशी मी जाहीर केलं, हेल्मेट आल्याशिवाय पोरगी घोडीवर बसणार नाही. आणि पोरीनं हट्ट करू नये म्हणून तिला रोज पाठ करून घेतलं, टोपी नाही तर घोडी नाही, कुणालाच नाही.

मामंजींचं म्हणणं, घोडी म्हणजे काय मोटारसायकल आहे का. त्यांचा दुसरा मुद्दा, आम्ही सगळे असेच वाढलो. या मुद्द्यावर मी कुणाशीच वाद घालत नाही. जे असे वाढले नाहीत ते सांगायला येत नाहीत.

मग सुरू झाला डोक्याला ताप. हायवेलगतच्या हेल्मेटवाल्यानं कार्टूनचं चित्र असलेलं मोटारसायकलचं हेल्मेट पोरीच्या डोक्यावर ठेवलं, तशी तिची मान खांद्यात गेली. एवढं वजन आहे, पोरीची मान बघा, असं मी म्हटलं तर तो म्हणाला, सवय होईल. दुसऱ्यानं क्रिकेटचं काढलं. जाळीतून पोरगी पिंजऱ्यातल्यासारखी माझ्याकडं बघत होती. नवरा प्रत्येक अडचणीवर एकच औषध सांगतो, ऑनलाइन बघ. बघितलं. फोटोत घोड्यावर बसलेलं गोरं बाळ होतं, मागवलं. कुरिअरवाला गावात येत नाही, मॅडम, नाक्यावर या. नाक्यावर जाऊन खोकं उघडलं तर आत गॅदरिंगला घालतात तसलं पातळ प्लॅस्टिकचं सोंग, वर चिकटवलेला गुलाबी तुरा. ते परत पाठवायला पुन्हा नाका.

सासूबाई तोवर गप्प होत्या. एक दिवस त्यांनी जुन्या लुगड्याचे थरावर थर घालून, आत कापूस भरून एक कुंची शिवली. ही घाल म्हणाल्या, लहान मुलाच्या डोक्याला कुंचीसारखं दुसरं काही नाही. टाके इतके सुबक की माझ्या दुकानात टांगावी. पण कुंची थंडीसाठी असते, दगडासाठी नाही, हे त्यांना सांगताना मला दोन दिवस शब्द जुळवावे लागले आणि तरी त्या रुसल्याच.

शेवटी मी दुकान बंद ठेवलं आणि पोरीला काखोटीला मारून एसटीनं पुण्याला गेले. तिथं घोड्याचं सामान विकणारं दुकान आहे, असं एका गिऱ्हाइकानं सांगितलं होतं. दुकानातली बाई स्वतः घोड्यावर बसणारी होती. मला त्या सगळ्या खटाटोपात भेटलेलं ते पहिलं माणूस, ज्यानं आधी विचारलं की मूल केवढं आहे. पावणेतीन म्हटल्यावर तिनं तोंड वाकडं केलं. एवढ्या लहानांसाठी फारसं काही येत नाही, म्हणाली, आणि घोडी चालवायचीच असेल तर कुणीतरी खाली लगाम धरून, पावलापावलानं. मी कबूल केलं. मग तिनं आतून सगळ्यात लहान मापाचं, अगदी हलकं हेल्मेट आणलं.

तिनं ते कसं बघायचं हे शिकवलं तेव्हा मला आमच्या धंद्यातलंच कुणी भेटल्यासारखं वाटलं. कडा भुवयांच्या वर दोन बोटं. पट्टा हनुवटीखाली, एक बोट जाईल एवढा. मग हेल्मेट धरून हलवायचं. कपाळाची कातडी हलली पाहिजे, नुसतं हेल्मेट हललं तर ते बिनकामाचं. आत रुमाल नाही, टोपी नाही, काही नाही. आणि घोडीवर बसताना केस जसे असतील तसेच ठेवून माप घ्यायचं.

पोरीचे केस म्हणजे नुसतं कुरळं रान होतं. डोक्यावरचा बुचडा सोडला, केस मोकळे केले, हेल्मेट बसवलं, मागची कळ शेवटपर्यंत आवळली. हलवलं. कपाळ हललं, भुवया हलल्या, पोरगी हसली. यापेक्षा लहान येतच नाही, बाई म्हणाली, नशीब केस दाट आहेत. मी खूश होऊन ते खोकं मांडीवर घेऊन घरी आले. पट्ट्याची कळ लागताना कट् आवाज यायचा, पोरगी वाटभर ती लावत-काढत होती.

आता माझा मूर्खपणा सांगते. ते केस जावळाचे होते.

पोरीचं जावळ पहिल्या वर्षीच काढायचं ठरलं होतं. तेव्हा भावकीत सुतक आलं. मग मामाला, म्हणजे माझ्या भावाला, रजा मिळेना, आणि जावळ काढताना मूल मामाच्याच मांडीवर बसतं. होईल होईल म्हणता म्हणता ती गोष्ट माझ्या डोक्यातून पार गेली. हेल्मेट घरात येऊन चार दिवस झाले आणि भावाचा फोन आला, रविवारी येतोय, तिसरं वर्ष सरायच्या आत उरकू. सगळ्यांनी टेम्पो ठरवला, आचारी ठरवला. मीही पोरीचा नवा परकर शिवायला बसले. गिऱ्हाईक बाळंतपणाच्या आधी माप द्यायला आली तर तिला परत पाठवणारी मी, आणि मला हे सुचलं नाही.

रविवारी आम्ही वेल्ह्याकडं कुलदेवीला गेलो. पोरगी मामाच्या मांडीवर रडून लाल झाली, आत्यानं केस पदरात झेलले, आणि न्हाव्यानं वस्तरा पुसला तेव्हा समोर एक गुळगुळीत, हळद लावलेलं, एवढंसं डोकं होतं. सगळे फोटो काढत होते आणि मी मनात माप घेत होते.

कारण मामंजींनी बेत केला होता. परत आल्यावर गावातल्या मारुतीपासून आमच्या दारापर्यंत नातीला घोडीवरून आणायचं. इतकी वर्षं दुसऱ्यांचे नवरदेव मिरवले, आता घरातलं लेकरू मिरवायचं, असं ते फोन आल्यापासून सगळ्या भावकीला सांगत होते. टेम्पो थांबला तेव्हा घोडी मारुतीपुढं उभी होती. तिच्या कपाळावर गोंडे, पाठीवर जरीची झूल, वाजंत्री तयार. मामंजी वर बसले आणि त्यांनी हात पुढं केले.

मी हेल्मेट घातलं, पट्टा लावला, हलवलं. हेल्मेट गर्रकन फिरलं आणि पुढची कड कानावर गेली. आतून पोरगी हसायला लागली. तिला वाटलं खेळ आहे.

मग जमलेल्या प्रत्येकाला अक्कल फुटली. आत टॉवेल घाला. फेट्याचा पदर गुंडाळा. सासूबाईंनी पिशवीतून कुंची काढली, त्यांनी ती आणली होती हे विशेष. मी प्रत्येकाला सांगत होते की मधे काही चालत नाही, आणि प्रत्येक जण माझ्याकडं असं बघत होता की शिकून बिघडलेली ती हीच.

मामंजी हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, चार पावलं तर हायती."

"मामंजी, कागद उडायला तेवढी पुरतात."

मामंजी खाली उतरले, लगाम धरला आणि रिकामी घोडी घेऊन वाजंत्र्यांच्या मागून घरापर्यंत चालत आले. पोरीला मी कडेवर घेतलं होतं. लोक दारात येऊन बघत होते आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. मी चुकले नव्हते, आणि तरी चूक माझीच होती.

त्यानंतर आठ दिवस मामंजी माझ्याशी बोलले नाहीत. चहा पाहिजे असला तर सासूबाईंना सांगायचे, मी समोर उभी असताना. मला संताप यायचा. या घरात जीव वाचवायचा विचार करणाऱ्यानंच गुन्हेगार व्हायचं, असं मी नवऱ्याला सुनावलं. त्यानं मोबाईलवरून मान वर करून विचारलं की आणखी लहान साइज ऑनलाइन मिळते का.

उपाय एकच होता, केस वाढेपर्यंत थांबायचं. नवव्या दिवशी सकाळी मशीनवर बसले असताना मला ओट्यावरून कट् असा आवाज आला. मामंजींनी पोरीला पायरीवर बसवलं होतं, हेल्मेट घातलं होतं, आणि दोन्ही हातांनी ते हलवत होते. हलवलं, बघितलं, काढलं, खुंटीला अडकवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. दोन बोटं भुवयांवर ठेवायचे, एक बोट पट्ट्याखाली. मी त्यांना हे कधी शिकवलं नव्हतं, लांबून बघून ते शिकले होते. सासूबाई खोबरेल तेल चोळायच्या, पुन्हा नव्यानं. चार महिने घोडी नवरदेवांना मिरवत होती आणि आमच्या दारात फक्त डोकं तपासलं जात होतं.

एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. "सूनबाई, हिकडं ये. बघ."

मी हलवलं. भुवया हलल्या. पुन्हा हलवलं, जोरात. कपाळ हललं. मी मान डोलावली. मामंजींनी एका दमात घोडी बाहेर काढली आणि वर बसले. दुकानातल्या बाईनं सांगितलं होतं तसा माझ्या नवऱ्यानं खालून लगाम धरला. मी पोरीला उचलून वर धरलं, तर तिनं माझ्या गळ्याला मिठी मारली. काही केल्या सोडेना.

"आबाला टोपी न्हाई," ती म्हणाली.

मामंजींनी डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीला हात लावून दाखवला. ही काय, म्हणाले.

"ही न्हाई. ही कट् करत न्हाई."

नवरा हसला, सासूबाई हसल्या. मला हसू आलं नाही. मला ती कागदाची सकाळ दिसली. मामंजींनी दोन्ही हातांनी पोरीला धरलं होतं, स्वतःला धरायला त्यांच्याकडं काही राहिलं नव्हतं. लगाम सुटलेला मी ओट्यावरून माझ्या डोळ्यांनी बघितला होता. आणि इतक्या महिन्यांत, इतकी दुकानं पालथी घालताना, त्या घोडीवर दुसरंही एक डोकं होतं हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मला स्वतःची शरम वाटली. आणि लगेच, पुन्हा पुण्याला जावं लागणार म्हणून, रागही आला.

मामंजी खाली उतरले. थोडा वेळ घोडीची मान थोपटत उभे राहिले. मग त्यांनी टोपी काढून काखेत धरली आणि माझ्यापुढं डोकं वाकवलं.

"घे माप."

मी टेप आणला. टोपीखालचं कपाळ बाकीच्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी गोरं होतं. साडेबावीस इंच. आत टोपी बसंल का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. मग वरून फेटा? त्यालाही मी नाही म्हणाले. त्यांनी सुस्कारा सोडला, पण मान वर केली नाही.

मी माप वहीत लिहिलं आणि मग विचारलं, "मामंजी, इतक्यात केस कापायचे नाहीत ना?"