लांब उखाणा

बाबा फोनवर ओरडायला लागले की माझं डोकं फिरायचं. "हां, मी बोलून राह्यलो!" आणि मग स्वतःचं नाव, आपल्या बापाचं नाव, आडनाव, वर "आसेगाववाला". समोरच्यानं काही विचारायच्या आत. दिवसातून चार-चारदा. "बाबा, फोन आहे तो, भोंगा नाही," असं मी वैतागून म्हणायचे. ते नुसते हसायचे आणि पुन्हा अंगणात जायचे.

मी वाशिमकडच्या मालेगावला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. रविवारी बस पकडून माहेरी, आसेगावला. आईची तब्येत बघायला, असं मी म्हणते. खरं म्हणजे तिची परीक्षा घ्यायला जाते.

आई लांब उखाण्यासाठी प्रसिद्ध होती. लग्नात नव्या सुना दोन ओळींत सुटका करून घ्यायच्या, मग बायका आईला पुढे ढकलायच्या. ती फाटकापासून सुरुवात करायची. ओसरी, माजघर, फळीवरची भांडी एकेक करून, परसातली विहीर, गोठ्यातली गाय, सगळं घर फिरवून आणायची आणि अगदी शेवटी नवऱ्याचं नाव. एरवी ते नाव तिनं कधी उच्चारलं नाही. रेशन दुकानातसुद्धा शेजारणीला सांगायला लावायची.

तीनेक वर्षांपूर्वी ती भांड्यांपाशी अडकायला लागली. मग विहीर गळली. मग लांब उखाणा गेलाच, दोन ओळींचे तेवढे राहिले. वय झालं, असं म्हणून मी मोकळी झाले. वाशिमच्या डॉक्टरांनी तिला वार विचारला, गाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं. वार चुकला. गाव बरोबर आलं. नावाला तिनं मान खाली घातली, पदर ओढला. "जुनी माणसं, नाव घेत नाहीत," मीच हसत सांगितलं. डॉक्टरही हसले आणि पुढे गेले. शिकलेल्या बाईनं केलेली ही चूक अजून मला झोपू देत नाही.

पुढे वर्गाच्या तयारीसाठी जनुकांवरचा एक लेख वाचत होते. आपली काही जनुकं आखूड, काही प्रचंड लांब. लांब जनुकात तुटायला जागा जास्त. पेशी त्याची नक्कल काढायला निघते आणि वाटेत बिघाड लागला की मध्येच अडते. मेंदूतल्या पेशी बहुतेक नव्यानं होत नाहीत, त्यामुळे त्यांच्यातली तूटफूट वर्षानुवर्षं साचत जाते. आणि पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारी कित्येक जनुकं नेमकी लांबच. अल्झायमरमध्ये हेच घडत असावं, असं काही संशोधकांना वाटतं. पक्कं नाही अजून.

मी लेख मिटला, उघडला, पुन्हा मिटला. लांब ते आधी तुटतं. जनुक म्हणजे उखाणा नव्हे, हे मला कळतं हो. पण त्या दिवसापासून स्वस्थ बसवत नाही. वर्गात हजेरी न बघता घेऊन बघते. एखादं नाव अडलं की ते आठवेपर्यंत पुढचं घेत नाही. आईची अर्धी जनुकं माझ्यात आहेत.

आणि एकच प्रश्न पोखरत राहिला: आईला बाबांचं नाव आठवतं का? विचारणार कसं? आठवत नसलं तरी ती पदरच ओढणार.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी मुद्दाम गेले. बायकांनी आग्रह केला. "तिळात गूळ, गुळात वेलची..." आई थांबली. "काकू लाजून राह्यली वो!" सगळ्या हसल्या. मला तिचे डोळे दिसले. त्यांत लाज नव्हती, ती घाबरली होती. तेवढ्यात अंगणातून आवाज आला, "हां, मी बोलून राह्यलो!" आणि पूर्ण नाव. आईनं ते अलगद उचललं आणि उखाणा पुरा केला.

मी अंगणात धावले. बाबांच्या हातात फोन उलटा होता, बंद.

"कधीपासून, बाबा?"

"दोन वर्सं झाले. कोनाले सांगू नको. तिले बरं नाही वाटणार."

मी भोंगा म्हणत होते त्यांना. भिंतीला टेकून ढसाढसा रडले.

गेल्या रविवारी आई सुपात तुरीची डाळ निवडत होती, मी शेजारी बसले होते. बाहेरून बाबांचा आवाज आला. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव. आईचे हात थांबले. दाराकडे बघत तिनं मला हळूच विचारलं, "कोन हाये वो हा मानूस? रोजच फोन करून राह्यला."

दार उघडंच होतं. बाहेर बाबांची पावलं दाराशी येऊन थांबली. मग बाबांनी नाव पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश, न ओरडता.