आईची सवत

आमच्या गल्लीच्या टोकाला बाबांच्या नावाचं उद्यान झालं, तेव्हा उद्घाटनाला सगळी गल्ली लोटली होती. एकटी आई आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. त्याच गुडघ्यांनी ती आदल्या दिवशी विहारात जाऊन आली होती, पण तिला बोलणार कोण?

"त्यांनी जन्म मैदानाला दिला, तुम्ही नावपण देऊन टाकलंत. मला काय ठेवलंत गं?" एवढंच तिनं मला सुनावलं.

बाबा होते तोवर तिनं त्या जागेवर पाऊल ठेवलं नव्हतं. बाबांना ते किती लागायचं हे मी पाहिलंय. म्हणून मला तिला एकदा तरी तिथं न्यायचंच होतं.

उद्यान आत्ताचं. आमच्या लहानपणी तिथं चाळ आणि गिरणीची भिंत यांच्यामधला उकिरडा होता. बाबा गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कामाला. पहिली पाळी करून घरी यायचे, उभ्यानं चहा प्यायचे आणि फक्कीचा डबा उचलून निघायचे. फक्की म्हणजे मैदानावर रेघा आखायची पांढरी भुकटी. तिच्यापायी त्यांच्या सगळ्या पँटी गुडघ्यापर्यंत पांढुरक्या. उकिरडा त्यांनीच साफ केला, दोन खांब पुरले आणि खो-खो शिकवायला लागले, तेही मुलींना. पोरी चड्डीवर धावणार म्हटल्यावर चाळीतल्या बापांनी कपाळावर हात मारून घेतला. बाबा एकेकाच्या घरी जाऊन बसले. कुठं चहा मिळाला, कुठं शिव्या. पण पोरी आल्या. पुढं त्यातल्या कितीतरी खेळाच्या जोरावर रेल्वेत, बँकेत लागल्या, आणि जागेला सरांचंच नाव हवं म्हणून पालिकेच्या पायऱ्या झिजवल्या त्यांनीच.

आईच्या लेखी मात्र मैदान म्हणजे सवत. "झाली का भेट?" असं विचारूनच ती बाबांच्या हातावर पाणी घालायची. "ये की एकदा बघायला," बाबा म्हणायचे. "आणि भाकऱ्या कोण थापणार? तुमचे खांब?" बाबा हसायचे, पण अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायचे.

खो-खोत उकिडवं बसून वाट बघायची असते. मागून साथीदारानं पाठीवर हात लावून "खो" म्हटलं की सुटायचं, त्याच्याआधी उठलं तर फाऊल. बाबांनी हा नियम घरातही आणला होता. आम्हा तिघी बहिणींना ते सकाळी तसंच उठवायचे. पाठीवर हात, आणि चाळ जागी होईल असा "खो!" हाका मारून मारून आईचा घसा बसला तरी आम्ही हलायचो नाही, पण त्या हाताला उठायचो. आईला उठवायची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नाही. ती त्यांच्याही आधी उठून पाणी भरत असायची.

अजूनही पहाटे जाग आली की मी कुशीवर वळून पडून राहते. पाठ वाट बघते. बाबांची आठवण मला डोक्यात येत नाही, पाठीत येते.

चाळ गेली, तिथं टॉवर उभा राहिला. आमच्या नव्या घराची खिडकी नेमकी उलट्या बाजूला निघाली. आईला मी म्हटलं, बरं झालं, सवतीचं तोंड दिसत नाही. ती हसली नाही.

परवा आम्ही हिंदमाताला साडी घ्यायला गेलो होतो. परतताना आमच्या रस्त्यावर खोदकाम, म्हणून टॅक्सीवाल्यानं कोपऱ्यावरच उतरवलं. चार पावलं चालल्यावर आईचे गुडघे खरंच बोलायला लागले. जवळ बसण्यासारखं काही होतं तर उद्यानातलं बाकडं. तीच फाटकातून आत शिरली.

फलकावर बाबांच्या नावाआधी 'क्रीडामहर्षी' लिहिलंय. आईनं ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "महर्षी म्हणे! तीन पोरींचा बाप!" मग कारंजं, फुलांचे वाफे, रंगीत फरशी सगळं न्याहाळून म्हणाली, "नटलीय हो चांगली."

"खांब कुठं होते गं?" तिनं विचारलं. मी एका वाफ्याकडं आणि कारंज्याकडं बोट दाखवलं.

"मला वाटलेलं आणखी लांब असतील," ती म्हणाली. "गॅलरीत आवाज यायचा ना. पोरींचा खो बारीक, त्यांचा जाडा. जाडा थांबला की मी तवा ठेवायचे."

एवढी वर्षं ती भाकऱ्या थापत ऐकत होती, आणि हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. बाबांना हे कळायला हवं होतं, एवढंच मनात येत राहिलं.

दिवे लागले. वॉचमन फाटकाशी येऊन घुटमळायला लागला. "चल आई, उठ," मी म्हटलं. ती उठेना. गुडघे धरले असतील म्हणून मी हात पुढं केला, तर तो तिनं बाजूला सारला.

"सगळ्या गल्लीच्या पोरींना दिला," ती फलकाकडं बघत म्हणाली. "तुम्हाला रोज दिला. मला एकदापण नाही दिला. आणि दिल्याशिवाय उठलं तर फाऊल ना?"

मी बाकड्यामागं गेले. तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हटलं, "खो."

"ऐकू नाही आलं."

मग मी ओरडले. बाबांसारखी, जाडा आवाज काढून. कारंज्यापाशी चालणारी माणसं वळून बघायला लागली. आईनं पदर खोचला, आणि माझा हात न धरता उठली.