सुई आणि राब

बॅटरी मी माझ्या हातानं सोडवून बाजूला ठेवली होती, तरी सुई हलत होती.

कल्याण स्टेशनच्या तार ऑफिसात मी तेव्हा सिग्नलर होतो, म्हणजे तारा घेणारा-पाठवणारा. नोकरीला तीन वर्षं झालेली, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं हा समज पक्का. टेबलावर गॅल्व्हॅनोमीटर असे. तारेतून वीज वाहतेय की नाही, एवढंच ते सांगतं. वीज आली की सुई कलते. वीज बॅटरीतून येते, तेव्हा बॅटरी काढल्यावर सुईनं मुकाट उभं राहायला हवं. ही बया दुपारी तीनपासून सावकाश डावीकडे जायची, थांबायची, परत उजवीकडे यायची. इगतपुरीकडून एक संदेश तीनदा मागवला, तीनदा कडबोळं आलं.

दुसरा कुणी असता तर त्यानं लाइनमनला खांब तपासायला पिटाळलं असतं. मी ताडकन उठलो. आमचे इन्स्पेक्टर साहेब याचीच वर्षभर वाट बघत होते.

साहेब ठाण्याला राहत. मूळचे स्कॉटलंडच्या उत्तरेकडल्या कुठल्याशा बेटावरचे. बावीस वर्षांत घरी गेले नव्हते, आणि आता तिथं त्यांचं कुणी उरलंही नव्हतं. मराठी छान बोलत. तपासणी आटोपली की एकच गोष्ट काढत. त्यांच्या बेटावर हिवाळ्यात उत्तरेच्या आकाशात उजेड नाचतो, हिरवे पडदे वाऱ्यानं हलावेत तसा. आई त्यांना पांघरुणात गुंडाळून अंगणात नेई.

"तो उजेड यायचा असला की तारा आपोआप चालतात," ते म्हणत. "आपण इथं फार दक्षिणेला. पण एखादा मोठा आला तर? बॅटरीशिवाय सुई हलली की मला कळव, जोशी."

त्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना सांगून टाकलं होतं, डोळे जाणार. पावसाळ्यापर्यंत टिकले तर नशीब. लांबचं सगळं त्यांना आत्ताच धुरकट दिसे. म्हणजे एकदा पाहायचं तर आताच.

"सुई हलते. आज संध्याकाळी उत्तरेला पाहावं," अशी तार मी ठाण्याला केली. बॅटरी न जोडताच केली, आणि गेली की! माझा ऊर असा भरून आला म्हणून सांगू!

साहेब संध्याकाळच्या गाडीनं आले. त्यांचा हात धरून मी त्यांना दुर्गाडीच्या टेकाडावर नेलं. खाली खाडी, समोर उत्तर. आम्ही हिरव्या पडद्यांची वाट बघत बसलो.

आठच्या सुमारास खाडीपलीकडे आकाश तांबूस झालं.

"जोशी, मला लाल दिसतंय काहीतरी."

"ते होय? राब जाळतायत, साहेब." भाताची रोपं लावायच्या आधी इकडचे शेतकरी शेतात पालापाचोळा, शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. मी पडलो घाटावरचा. दोन-तीन उन्हाळे तो जाळ लांबून पाहिलेला, तेवढ्यावर पंडित.

"धुराचा वास नाही येत."

"वारा उलटा आहे."

"हलतोय का रे तो?"

"आग म्हटल्यावर हलणारच, साहेब!"

तांबडं वाढत गेलं, पार ध्रुवाच्या वर चढलं. मी मनात म्हटलं, भिवंडीकरांनी आज अख्खं शिवार पेटवलेलं दिसतंय. साहेबांची नऊची गाडी होती. ते पाठ फिरवून टेकाड उतरू लागले. "सुईचं काही बिघडलं असेल, वाईट वाटून घेऊ नकोस," असं वर मलाच समजावत होते.

सकाळी पदू म्हात्रे सरपण घेऊन आला. त्याचं शेत खाडीपलीकडे. मी म्हटलं, "काय रे, काल जोरात राब पेटवलेत!"

"राब? मास्तर, आमी होली झाल्याबिगर आग लावत नाय. पाला आजून झारावर हाय." मग आवाज बारीक करून म्हणाला, "काल देवाचा कोप झाला. आमची बायामानसं रातभर जागी."

तेवढ्यात तारा सुरळीत झाल्या आणि एकामागून एक ऑफिसं विचारू लागली, काल उत्तरेला आकाश लाल दिसलं का? इतक्या दक्षिणेला त्या उजेडाची फक्त वरची लाल कड दिसते, हे मला त्यानंतर कळलं.

रजा टाकून ठाणं गाठलं. साहेबांच्या दारात उभा राहून सांगून टाकलं, "साहेब, काल राब नव्हता."

त्यांनी विचारलं, "आधी कुणी म्हटलं, लाल दिसतंय म्हणून?"

"आपण."

"म्हणजे मला दिसला."

"दिसला, साहेब." मला रडू आवरेना.

"मग पुस डोळे. आई असती तर तुझे कान उपटले असते तिनं." एवढं बोलून त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. आषाढात त्यांची दृष्टी गेली.

पुढे हाताखाली आलेल्या प्रत्येक सिग्नलरला मी एकच सांगत आलो. सुई कलली तर कलली लिही, लाल दिसलं तर लाल लिही. कशानं, ते ठरवायची घाई करू नकोस. आता पेन्शन खातोय. तरी संध्याकाळी दुर्गाडीवर जातो. होळीनंतर खाडीपलीकडे तांबडं दिसलं की आधी नाक वर करून वास घेतो. अजून तरी दर वेळी धुराचाच वास आलाय.