हजेरी अपुरी

मला दारात बघून कारकुनाचा चहा बशीत सांडला.

लातूरच्या एका कॉलेजात मी समुपदेशनाच्या सहा महिन्यांच्या पदव्युत्तर पदविकेला नाव घातलं होतं. पहिल्याच रविवारी नांदेडहून सकाळची एसटी पकडली, लोह्याला गाडी थांबली तेव्हा गरम भजी खाल्ली आणि नवी वही काखेत मारून हजर झाले.

"मॅडम, तुमी कशाला आल्या?"

"शिकायला."

"इथं?" त्यानं वळून खोलीकडे पाहिलं. बाकं एकावर एक रचलेली, त्यांवर कुणाच्या तरी लग्नातली पातेली. "परीक्षेला या की. मधी कोन येतंय?"

आमच्याकडे याला 'नॉन-अटेंडिंग' म्हणतात. नाव घालायचं, फी भरायची, जायचं नाही. शिक्षकांच्या पदव्या अशा! नॉन-अटेंडिंग पोहायला शिकलेल्याला कुणी विष्णुपुरीच्या धरणात ढकलून बघावं एकदा. माझ्या शाळेतले पीटीचे सर याच पदविकेला होते. ते हसत म्हणाले होते, "एसटीचे धक्के कशाला खाता मॅडम? प्रमाणपत्राला पाय असतेत. येतंय घरी."

पण मला घाई होती. माझ्या दहावीच्या वर्गातली एक मुलगी कोरे पेपर देत होती. तोंडी विचारलं की फाडफाड उत्तरं. पेपरवर नुसतं नाव. मी समजावलं, रागावले, पेढे चारले, तिच्यासमोर चक्क एकपात्री प्रयोग केले. ती मान डोलवायची आणि पुढचा पेपरही कोरा. बोर्डाची परीक्षा जवळ येत होती.

कॉलेजात तासावर पगार घेणारी एक तरुण प्राध्यापिका होती. न झालेल्या तासांवर सह्या करायला अधूनमधून यायची. मला बघून आधी घाबरली. तिला वाटलं, तपासणी आली. मी विद्यार्थिनी आहे म्हटल्यावर तिचा चेहराच उजळला. आम्ही दोघींनी मिळून पातेली सरकवली, दोन खुर्च्या मांडल्या. कोऱ्या पेपरांची गोष्ट ऐकून ती म्हणाली,

"मी ती मुलगी. तुम्ही समुपदेशक. करा सुरू."

नाटक म्हटल्यावर मी पदर खोचला. "बाळ, आयुष्य म्हणजे..."

"थांबा."

"अहो, अजून सुरुवातच..."

"बोलूच नका. शेजारी बसा. ती बोलेपर्यंत."

"आणि नाहीच बोलली तर?"

"तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा."

आयुष्यभर बोलण्याचा पगार घेतलेल्या बाईला ही शिक्षा! पण मधल्या सुट्टीत मी त्या मुलीशेजारी बसू लागले. पेरू कापायचा, तिखटमीठ लावायचं, जीभ दातांखाली दाबून धरायची. रोज. एके दिवशी पेरूची फोड हातात फिरवत ती म्हणाली, "चांगले मार्क पडले तर बाबा लातूरला टाकतेत. ताईला टाकलं होतं, डॉक्टरकीच्या क्लासला. ताई परत आली, पन आता जेवायला हाक मारली तरी दचकती."

माझ्या ओठांवर एक अख्खं भाषण आलं होतं. मी ते पेरूबरोबर गिळलं. मग एवढंच विचारलं, "बाबांना मी सांगू?"

"नका. मी सांगते. तुमी नुसतं बसा."

पदविकेची परीक्षा मी दिली होती, तिचा निकाल त्याच आठवड्यात लागला. पीटीचे सर पहिल्या वर्गात पास! जे कधीच आले नाहीत, त्यांच्या सगळ्या सह्या कारकुनानं एका बैठकीत उरकल्या होत्या. मी मात्र माझी सही मीच करणार म्हणून हट्ट धरला होता, आणि तास झाले होते मोजकेच. माझ्या नावापुढे शेरा होता: हजेरी अपुरी. नापास.

कोऱ्या पेपरांसाठी शाळेनं मुलीच्या वडिलांना बोलावलं, तेव्हा मुख्याध्यापक मला म्हणाले, "समुपदेशनाचं काम आता पीटीच्या सरांचं. तुमच्याकडं प्रमाणपत्र कुठाय?" सरांनी मुलीसमोरच टेबलावर मूठ आपटली. "पेटून उठ! लातूर म्हंजे सोन्याची संधी!" मुलीची मान खाली गेली. वडील खूश झाले.

मी बाप-लेकीला वर्गात नेलं, बाकावर बसवलं आणि पेरू कापायला घेतला.

"मॅडम, तुमी कायच बोलंनात?" वडील चुळबुळले.

मी दुसरा पेरू घेतला. बराच वेळ नुसती सुरी चालत होती. मग मुलगी बोलली. पहिल्यांदा लातूरचं, मग ताईचं. वडील ऐकत होते, एकदाही मधे बोलले नाहीत. शेवटी हळूच म्हणाले, "न्हाई धाडत. पन मोठीला कुनी इचारलंच न्हाई गं. मी बी न्हाई."

परवाच्या सराव परीक्षेत तिनं पुरवणी मागितली. ती द्यायला वर्गात पीटीचे सरच होते. स्टाफरूममध्ये येऊन छाती फुगवून म्हणाले, "बघितलं? आपल्या भाषनाचा परिनाम!"

मी काही बोलले नाही. ते मला आता जमतं. पण फक्त मुलांसाठी. सरांसाठी मी हे सगळं लिहून ठेवलंय.